वाचकांचे प्रश्न : किमोच्या दिवसांत उलटीची गोळी

या सदराकडे रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी कर्करोगाच्या उपचारातील मळमळ आणि उलट्या यांविषयीची काही पत्रे या अंकासाठी एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत, तालुका तेवढा दिला आहे. उत्तरांत जिथे औषधाची मात्रा आली आहे तिथे ती समजून घेण्यासाठी आहे. रुग्णालयाने आपल्या कागदावर लिहून दिलेली मात्रा हीच आपली मात्रा समजावी.

प्रश्न : माझ्या सासूबाई ५८ वर्षांच्या आहेत. स्तनाच्या कर्करोगासाठी त्यांना मुंबईत दर २१ दिवसांनी लाल रंगाच्या औषधाची किमो देतात. दुसऱ्या दिवशी रात्रीच्या गाडीने आम्ही गावी येतो. तोवर त्यांना काहीच त्रास नसतो, म्हणून त्या घरी दिलेल्या गोळ्या घेत नाहीत. ‘उलटी झाली तर घेईन, उगाच किती गोळ्या पोटात घालायच्या’ असे म्हणतात. तिसऱ्या दिवशी मात्र अशा उलट्या सुरू होतात की पाणीही ठरत नाही. गोळ्यांत ओलान्झापिन नावाची एक गोळी आहे. ती मानसिक आजारावरची असल्याचे दुकानात कळल्यापासून आम्ही ती बाजूलाच ठेवली आहे. ती द्यावी का? (तालुका गुहागर)

उत्तर : द्यावी, आणि बाकीच्या गोळ्याही उलटीची वाट न पाहता कागदावर लिहिलेल्या वेळेला द्याव्यात. आपण सांगता तो क्रम अनेक घरांत असाच घडतो आणि त्याला शरीरात कारण आहे. किमोचे औषध रक्तात गेले की लहान आतड्याच्या अस्तरातील काही पेशी सेरोटोनिन नावाचे द्रव्य सोडतात. त्यामुळे व्हेगस नावाची नस चेतवली जाऊन मेंदूतील उलटीच्या केंद्रापर्यंत संदेश पोहोचतो. हा पहिल्या २४ तासांचा त्रास. रुग्णालयात सलाईनबरोबर दिलेली इंजेक्शने तो थोपवून धरतात, म्हणून गाडीत बसताना सासूबाईंना बरे वाटते. त्यानंतर ‘सबस्टन्स पी’ नावाच्या दुसऱ्या द्रव्याचा वाटा वाढतो आणि साधारण पाचव्या दिवसापर्यंत उशिराची मळमळ चालते. सिसप्लॅटिन या औषधात तर ती ४८ ते ७२ तासांच्या सुमारास सर्वांत जोरात असते. म्हणजे घरी दिलेल्या गोळ्यांचे काम नेमके आपण गावी पोहोचता तेव्हा सुरू होते. उलट्या एकदा सुरू झाल्या की पोटात गोळी टिकत नाही, आणि टिकली तरी चेतवलेले केंद्र शांत करायला तिला फार कष्ट पडतात; आधी घेतलेली गोळी तेच काम सहज करते.

लाल औषध म्हणजे बहुतेक वेळा डॉक्सोरुबिसिन. स्तनाच्या कर्करोगात ते बहुधा सायक्लोफॉस्फामाइडबरोबर देतात, आणि ही जोडी सर्वाधिक उलट्या करणाऱ्या उपचारांत मोडते. अशा उपचाराला चार प्रकारची औषधे एकत्र द्यावीत, असे आज जगभरातील मार्गदर्शक तत्त्वे सांगतात : ऑन्डान्सेट्रॉन, ग्रॅनिसेट्रॉन किंवा पॅलोनोसेट्रॉन यांपैकी एक, अप्रेपिटंट किंवा त्याचे इंजेक्शन, डेक्सामेथाझोन आणि ओलान्झापिन. ही चार औषधे चार वेगवेगळ्या वाटा अडवतात, त्यामुळे त्यांतील एक घेतले म्हणून दुसरे सोडता येत नाही. अप्रेपिटंटच्या कॅप्सूल दिल्या असतील तर पहिल्या दिवशी १२५ मिलिग्रॅम आणि पुढचे दोन दिवस ८० मिलिग्रॅम अशी त्यांची नेहमीची रीत आहे. दिवस चुकवून घेतल्यास त्यांचा पुरता उपयोग होत नाही.

ओलान्झापिन मानसिक आजारांत वापरतात हे खरे आहे, पण तिथे मात्रा बहुधा अधिक असते आणि औषध दीर्घकाळ चालते. इथे ते मोजके चार दिवस, उलटीच्या केंद्रातील अनेक दारे एकदम बंद करण्यासाठी दिले जाते, आणि मळमळीवर (केवळ उलटीवर नव्हे) त्याच्याइतके चांगले काम फार थोडी औषधे करतात. त्याचा मुख्य त्रास म्हणजे पेंग. मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्रात झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २.५ मिलिग्रॅमची लहान मात्रा १० मिलिग्रॅमच्या मात्रेच्या तोडीची ठरली आणि दिवसा येणारी पेंग तिच्यात कमी आढळली. म्हणून गोळीने सासूबाई फारच गुंगून जात असतील तर ती बंद न करता मात्रा कमी करता येईल का, असे डॉक्टरांना विचारावे. गोळी रात्री झोपताना द्यावी. आपल्याकडे अजून अनेक घरांत न्हाणीघर आणि संडास मागीलदारी असतो; त्या चार रात्री उठताना कोणी तरी सोबत असावे आणि दिवा लावलेला असावा, कारण पेंगेत पाय घसरून खुबा मोडणे हे उलटीपेक्षा मोठे संकट आहे.

डेक्सामेथाझोन हे स्टेरॉइड आहे. ते सकाळी, काही खाल्ल्यानंतर द्यावे. संध्याकाळी दिल्यास रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. सासूबाईंना मधुमेह असेल तर त्या दिवसांत साखर हमखास वाढते आणि ओलान्झापिन त्यात भर घालू शकते, तेव्हा घरी साखर तपासावी आणि आकडे लिहून ठेवावेत. आणखी एक गोष्ट कागदावर पाहावी. रुग्णालयात पॅलोनोसेट्रॉनचे इंजेक्शन दिले असेल तर त्याचा परिणाम काही दिवस टिकतो, आणि त्यावर घरी ऑन्डान्सेट्रॉन घेण्याची गरज बहुधा नसते. जुन्या किमोच्या उरलेल्या गोळ्या नव्या कागदाच्या गोळ्यांत मिसळू नयेत.

थोडे कळकळीने लिहितो. आपल्याकडच्या बायकांना सोसायची सवय असते; तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी ‘कसे आहे?’ विचारले की ‘बरे आहे’ एवढेच उत्तर येते, आणि पुढच्या वेळी तीच औषधे पुन्हा लिहिली जातात. पहिल्या एक-दोन किमोंत उलट्या आवरल्या नाहीत तर पुढे रुग्णालयाच्या वासानेच, काहींना तर गाडी पनवेलला पोहोचताच उमासे येऊ लागतात. मेंदूने तशी खूणगाठच बांधलेली असते. किमोच्या आधीच सुरू होणारी ही मळमळ नेहमीच्या औषधांना फारशी दाद देत नाही, तिला लोराझेपामसारखी वेगळी गोळी लागते. म्हणून सासूबाईंच्या वतीने आपण वही ठेवावी : कोणत्या दिवशी किती उलट्या झाल्या, कोणती गोळी किती वाजता घेतली, पोटात काय टिकले. ती वही डॉक्टरांसमोर उघडून ठेवावी. उलट्यांमुळे रुग्णाने किमो अर्ध्यावर सोडल्याची उदाहरणे आहेत, आणि ती टाळता येण्यासारखी होती, याचे दुःख अधिक आहे.

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. त्यांना हृदयाचा जुना आजार आहे. लघवी साफ होण्याची गोळी आणि ठोक्यांसाठी एक गोळी चालू असते. किमोनंतर ऑन्डान्सेट्रॉन दिले आहे. उलट्या थांबेनात म्हणून गावातील दुकानातून डोमपेरिडोन आणि पँटोप्राझोल एकत्र असलेली कॅप्सूल आणली. दोन्ही सोबत चालतील का? (तालुका देवगड)

उत्तर : डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालवू नयेत. ती कॅप्सूल आजच थांबवावी आणि किमो देणाऱ्या विभागाला फोन करावा.

प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या स्नायूला पुन्हा सज्ज व्हायला जो वेळ लागतो तो ईसीजीवर ‘क्यूटी’ या नावाने मोजतात. ऑन्डान्सेट्रॉन आणि डोमपेरिडोन ही दोन्ही औषधे हा वेळ लांबवू शकतात, आणि ठोक्यांसाठी असलेल्या काही गोळ्या, उदाहरणार्थ अमिओडारोन, तोच वेळ आणखी लांबवतात. एकट्या औषधाने निरोगी माणसाला सहसा काही होत नाही. परंतु लघवीच्या गोळीने आणि उलट्यांनी रक्तातील पोटॅशियम आणि मॅग्नेशियम आधीच उतरलेले असते, त्यात अशी दोन-तीन औषधे एकत्र आली तर ठोका बिघडून माणूस अचानक कोसळू शकतो. शिरेतून द्यायच्या ऑन्डान्सेट्रॉनची एकच ३२ मिलिग्रॅमची मात्रा अमेरिकेत २०१२ मध्ये याच कारणाने बंद झाली. आता एका वेळी १६ मिलिग्रॅमपेक्षा अधिक देत नाहीत. युरोपातील औषध नियामकांनी २०१४ मध्ये डोमपेरिडोनवर प्रौढांसाठी दिवसाला ३० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आणि हृदयातील विद्युत संदेशांच्या वहनात दोष असलेल्या किंवा हृदय कमजोर झालेल्या रुग्णांना ते देऊ नये असे सांगितले. आपल्याकडे मात्र पित्ताची कॅप्सूल म्हणून लोक ती महिनोन्‌महिने घेतात आणि तिच्यात उलटीचे औषध आहे हे त्यांच्या गावीही नसते. पाकिटाच्या मागील बारीक अक्षरांतील घटक वाचण्याची सवय घरातील एका तरी तरुण माणसाने लावून घ्यावी.

फोनवर वडिलांच्या सर्व गोळ्यांची नावे सांगावीत आणि ईसीजी, पोटॅशियम व मॅग्नेशियम पाहायचे का हे विचारावे. किमोच्या काळात छातीच्या किंवा तोंडाच्या संसर्गासाठी अझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन किंवा फ्लुकोनाझोल लिहिले जाते. ही औषधेही क्यूटी लांबवणाऱ्यांतच मोडतात. वेदनेसाठी ट्रॅमाडॉल चालू असेल तर तेही सांगावे, कारण त्यानेही उलट्या होऊ शकतात आणि ऑन्डान्सेट्रॉनबरोबर त्याचा वेदनाशामक गुण कमी होऊ शकतो. रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेत असतील आणि किमोसोबत अप्रेपिटंट मिळत असेल तर ७ ते १० दिवसांनी रक्ताची आयएनआर तपासणी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती) करावी लागते. अधिक पोटॅशियम मिळावे म्हणून शहाळ्यावर शहाळी देऊ नयेत. मूत्रपिंड थकलेले असेल तर पोटॅशियम चढणेही तितकेच घातक असते.

अचानक धडधड, डोळ्यांपुढे अंधारी किंवा क्षणभर शुद्ध हरपणे यांपैकी काहीही झाले तर फोन करत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे.

प्रश्न : माझ्या १९ वर्षांच्या मुलावर गोव्यात बांबोळीला उपचार चालू आहेत. घरी उलट्या झाल्या म्हणून जवळच्या दवाखान्यात एक इंजेक्शन दिले. संध्याकाळी त्याची मान एका बाजूला वाकडी झाली, डोळे वर गेले, जीभ आत ओढली गेली. पण तो शुद्धीवर होता आणि घाबरून रडत होता. शेजाऱ्यांनी बाधा म्हणून गाऱ्हाणे घालायला सांगितले. रात्री रुग्णालयात दुसरे इंजेक्शन दिल्यावर थोड्याच वेळात तो बरा झाला. हे काय होते? पुन्हा होईल का? (तालुका सावंतवाडी)

उत्तर : आपण वर्णन केलेली लक्षणे मेटोक्लोप्रामाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन या औषधांच्या दुष्परिणामाशी तंतोतंत जुळतात. पेरिनॉर्म आणि स्टेमेटिल ही त्यांची लोकांच्या तोंडी असलेली नावे. ही औषधे मेंदूतील डोपामिनचे काम अडवून उलटी थांबवतात, परंतु स्नायूंचा ताण सांभाळणाऱ्या भागातही डोपामिनच लागते. ते अडले की मान, जबडा, डोळे यांचे स्नायू आखडतात. लहान मुले आणि तरुण यांच्यात हे अधिक होते, आणि बहुधा औषध सुरू केल्यापासून पहिल्या एक-दोन दिवसांत होते. माणूस पूर्ण शुद्धीवर असतो, यावरून ते आकडीपासून वेगळे ओळखता येते. प्रोमेथाझिन किंवा ट्रायहेक्सिफेनिडिल यांसारख्या औषधाने आखडलेले स्नायू लवकर सैल पडतात. आपल्या मुलाला तसेच काही दिले असावे.

देवापुढे गाऱ्हाणे घालणाऱ्यांची माया खरी असते आणि त्याला कोणी अडवू नये, पण आधी मुलाला गाडीत बसवावे, कारण क्वचित घशाचे स्नायू आखडून श्वास अडतो.

त्याच औषधाने हे पुन्हा होण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून दवाखान्यातून त्या इंजेक्शनचे नाव लिहून घ्यावे आणि मुलाच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने ‘हे औषध देऊ नये’ असे डॉक्टरांकडून नोंदवून घ्यावे. ऑन्डान्सेट्रॉन वेगळ्या वाटेने काम करते, त्यामुळे त्याच्याकडून हा त्रास फार क्वचित होतो. मेटोक्लोप्रामाइडबाबत युरोपातील नियामकांनी २०१३ मध्ये प्रौढांसाठी दिवसाला ३० मिलिग्रॅम आणि सलग ५ दिवस अशी मर्यादा सांगितली आहे. कंपवात असलेल्या वृद्धांना ते देऊ नये, आणि ओलान्झापिन चालू असताना त्यात मेटोक्लोप्रामाइडची भर घालू नये. दोन्ही डोपामिनच अडवतात. औषधानंतर मान वाकडी न होता नुसती विलक्षण अस्वस्थता येते, एका जागी बसवत नाही, येरझाऱ्या घालाव्याशा वाटतात, हीसुद्धा त्याच दुष्परिणामाची सौम्य बाजू आहे. अनेकदा ती ‘आजाराने आलेली चिडचिड’ समजून सोडून दिली जाते.

प्रश्न : किमोनंतर उलटीच्या गोळ्या वेळेवर घेते. उलट्या थांबल्या, पण चार दिवस पोट साफ झालेले नाही. इसबगोल घेतले, उपयोग नाही. गोळ्या बंद करू का? (तालुका मंडणगड)

उत्तर : आपण होऊन बंद करू नका. ऑन्डान्सेट्रॉनच्या वर्गातील औषधे मोठ्या आतड्याची हालचाल मंदावतात, त्यात खाणे-पिणे कमी झालेले असते. पाणी भरपूर पोटात जात नसेल तर इसबगोल आतड्यात घट्ट बसते, म्हणून या दिवसांत ते टाळावे. लॅक्टुलोज किंवा तत्सम पोट साफ करणारे औषध पुढच्या किमोला पहिल्या दिवसापासूनच लिहून मागावे. घरी एनिमा घेऊ नये. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना गुदद्वाराची लहानशी जखमही संसर्गाला वाट देते. मात्र पोट फुगले, वात सरणेही बंद झाले आणि उलट्या पुन्हा सुरू झाल्या तर आतडे अडले असण्याचा संभव असतो. तेव्हा उलटीची गोळी वाढवणे म्हणजे धोक्याची खूण झाकणे होय. त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

प्रश्न : गोळी घेतल्यावर दहा मिनिटांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी का? आणि घरी थांबावे की रुग्णालयात जावे, हे कसे ठरवावे? (तालुका दापोली)

उत्तर : उलटीत गोळी अख्खी दिसली तर ती पुन्हा घेता येते, असे सर्वसाधारणपणे सांगतात, तासाभरानंतरच्या उलटीत गोळी बहुधा विरघळून गेलेली असते आणि ती पुन्हा घ्यायची नसते. मधल्या वेळेचा निर्णय फोनवर विचारूनच घ्यावा. जिभेवर विरघळणारी ऑन्डान्सेट्रॉनची गोळी तोंडातून थेट रक्तात जाते असा समज आहे, तो बरोबर नाही. ती लाळेबरोबर गिळली जाते आणि आतड्यातूनच शोषली जाते. फक्त पाण्याचा घोट लागत नाही एवढीच सोय. आपल्या पावसाळी हवेत ही गोळी फार लवकर ओल धरते, म्हणून ती घेण्याच्या क्षणीच, कोरड्या हाताने, पाकिटाचा पातळ पापुद्रा सोलून काढावी. डबीत सुटी काढून ठेवलेली नरम गोळी वापरू नये. पावसात रस्ता बंद होणे आपल्याला नवे नाही, तेव्हा जून ते सप्टेंबर या महिन्यांत पुढच्या किमोपर्यंतची औषधे मुंबईहून निघतानाच घ्यावीत.

दिवसभर पाण्याचा घोटही टिकत नसेल, लघवी अगदी कमी आणि गडद होत असेल, उठल्यावर भोवळ येत असेल, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखे काळपट काही दिसत असेल, डोके असह्य दुखत असेल किंवा रुग्ण असंबद्ध बोलू लागला असेल, तर पुढची गोळी देऊन वाट पाहू नये. सर्वांत महत्त्वाचा ताप. किमोच्या काळात १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप ही रात्री दोन वाजतासुद्धा रुग्णालयात जाण्याची वेळ आहे. डेक्सामेथाझोन आणि पॅरासिटामॉल तापाला दाबून ठेवू शकतात, म्हणून नुसती हुडहुडी भरली तरी दुर्लक्ष करू नये.

प्रश्न : आले, कोकम, पेज यांनी मळमळ आवरते का? एका वैद्यांनी काढाही दिला आहे. उपचारासाठी फोंडाघाटातून कोल्हापूरला जावे लागते. घाट लागतो, तेव्हा उलटीचीच गोळी घेतली तर चालेल का? (तालुका मालवण)

उत्तर : उकड्या तांदळाची पातळ पेज, चिमूटभर मीठ आणि भाजलेला पापड यासारखे दुसरे अन्न त्या दिवसांत नाही. ती कोमट किंवा गार द्यावी, कारण गरम अन्नाच्या वाफेबरोबर वास येतो आणि वासानेच उमासे येतात. सुकट भाजायची किंवा मासे तळायचे असतील तर रुग्ण दूरच्या खोलीत असावा. पातळ कोकम सरबत बहुतेकांना बरे वाटते, पण तोंड आले असेल तर ते झोंबते. नारळाच्या दुधाची सोलकढी काहींना जड जाते. आल्याचा लहान तुकडा किंवा चहात किसलेले आले घ्यायला हरकत नाही. आल्याची पूड किंवा कॅप्सूल मात्र रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना किंवा प्लेटलेट उतरलेल्या असताना घेऊ नयेत. यांतील कशानेही लिहून दिलेली गोळी सोडता येत नाही. काढ्यात कोणत्या वनस्पती आहेत हे वैद्यांकडून लिहून घ्यावे आणि किमो देणाऱ्या डॉक्टरांना दाखवेपर्यंत तो थांबवावा, कारण यकृत ज्या मार्गाने किमोची औषधे बाहेर टाकते त्याच मार्गावर अनेक वनस्पती परिणाम करतात. आपल्या परसातले पपनस या बाबतीत ग्रेपफ्रूटच्या जातीचे आहे. डोमपेरिडोन आणि अप्रेपिटंटसह अनेक औषधांचे रक्तातील प्रमाण अशा फळाने वाढू शकते. गणपतीत घरोघरी पपनस सोलले जाते, तेव्हा रुग्णाला ते डॉक्टरांना विचारूनच द्यावे.

घाट लागणे हा कानातील तोल सांभाळणाऱ्या भागातून येणारा त्रास आहे, आणि ऑन्डान्सेट्रॉन त्यावर फारसे चालत नाही. अ‍ॅव्होमिनसारखी प्रवासाची गोळी चालते, पण तिने पेंग येते. आदल्या रात्री ओलान्झापिन घेतले असेल तर दोन्हींची पेंग एकत्र येते. म्हणून जाताना, म्हणजे किमोच्या आधी, ती घ्यावी की नाही हे एकदा विचारून ठेवावे, आणि परतीच्या प्रवासात विचारल्याशिवाय घेऊच नये. पुढच्या बाजूची, खिडकीजवळची जागा घ्यावी, नजर मोबाइलवर न ठेवता दूर रस्त्यावर ठेवावी, निघण्याआधी रिकाम्या पोटी न राहता थोडी पेज किंवा कोरडे बिस्किट खावे, आणि घाट चढण्यापूर्वी पायथ्याशी दहा मिनिटे गाडी थांबवून मोकळी हवा घेऊ द्यावी.